पॉट आइस्क्रीम घरी करताना: बर्फ, खडेमीठ आणि दांडा फिरवण्याची जुनी रीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्याच्या चौकात फिरवलेल्या पॉट आइस्क्रीमची आठवण काढणारी माणसे नाशिकमध्ये पुष्कळ भेटतात आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, की आता तशी चव कुठे मिळत नाही. तक्रार खरी आहे, परंतु तिचा दोष कधी दुधाला, कधी इसेन्सला, तर कधी बदललेल्या काळाला दिला जातो. माझ्या मते खरा फरक तापमानात आहे. दुकानातले आइस्क्रीम उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास साठवलेले असते, तर पॉटमधून थेट वाटीत आलेले आइस्क्रीम उणे पाच-सहा अंशांवर असते. पदार्थ जितका अधिक थंड, तितकी जिभेला त्याची गोडी आणि वास कमी जाणवतो. त्यामुळे साखर तेवढीच असली, तरी पॉटमधले आइस्क्रीम अधिक गोड आणि अधिक दुधाळ लागते. हेच आइस्क्रीम रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ले, तर ती मजा निम्म्याने उरते. म्हणून ज्यांना ती चव पुन्हा अनुभवायची आहे त्यांनी नवनव्या पाककृती शोधण्यापेक्षा जुनी रीत नीट समजून घ्यावी. ती रीत या लेखात क्रमाने दिली आहे.

पॉट कसा असतो आणि तो आला कुठून

पॉटमध्ये एक लाकडी बादली, तिच्या मधोमध बसणारा उंच डबा, डब्याच्या आत पंखा आणि वर दातेरी चक्रांची पट्टी व दांडा असे भाग असतात. बादली आणि डबा यांच्यामधल्या पोकळीत बर्फ आणि मीठ भरतात. दांडा फिरवला, की डब्याच्या आतल्या भिंतीवर धरणारा गोठलेला थर पंख्याची पाती सतत खरवडून आत ढकलतात. त्यामुळे बर्फाचे कण मोठे व्हायच्या आतच मोडतात आणि थोडी हवाही मिसळली जाते. या यंत्राची मूळ कल्पना अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंची असून त्यांना ९ सप्टेंबर १८४३ रोजी तिचे पेटंट मिळाले. त्याआधी आचारी बर्फ-मिठात रोवलेले भांडे हातांनीच गरगर फिरवत आणि मधूनमधून झाकण काढून कडेचा थर उलथण्याने सोडवत. घरी पॉट नसेल, तर ही त्याहून जुनी पद्धत आजही चालते. तिच्याकडे पुढे वळू.

आपल्याकडे थंडाव्याची परंपरा यंत्राच्या पुष्कळ आधीची आहे. अकबराच्या दरबारी पाणी गार करण्यासाठी शोरा हा क्षार वापरत आणि १५८६ नंतर, बादशहाचा मुक्काम लाहोरकडे असताना, उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवत असत, असे अबुल फज्लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त नमूद आहे. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे त्यामागचे कारण. पुढे अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने कलकत्त्याला पाठवला. १८३३ साली बोस्टनहून निघालेल्या १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतरही शाबूत पोहोचला होता. पुढच्याच वर्षी हा बर्फ मुंबईत आला. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली, असा किस्सा त्या बर्फाच्या व्यापाराच्या इतिहासात सांगितला जातो. आइस्क्रीम खाऊन घसा धरेल, हा आजीचा इशारा म्हणजे चांगला पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना आहे.

आदल्या दिवशीची तयारी

पॉट बराच काळ माळ्यावर पडून असेल, तर लाकडी बादली आदल्या रात्री पाण्याने काठोकाठ भरून ठेवावी. सुकलेल्या फळ्यांमध्ये फटी पडतात, त्या लाकूड फुगल्यावर आपोआप बुजतात. हे न केल्यास खारे पाणी फरशीभर वाहते. बादलीच्या कडेला, डब्याच्या झाकणापेक्षा थोडे खाली, एक लहान भोक असते. ते काडीने मोकळे करून घ्यावे, कारण पुढच्या सगळ्या कामाची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे. चक्रांच्या पट्टीला खाण्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत. डबा जुना असेल, तर तो आतून नीट पाहावा. पितळी किंवा तांब्याच्या डब्याची कल्हई उडाली असेल, तर कल्हई केल्याशिवाय त्यात दूध घालू नये, फळांचा गर तर नाहीच. पत्र्याच्या डब्यावर गंज धरला असेल, तर स्टीलचा नवा डबा बनवून घेणे बरे. नवा किंवा भाड्याचा पॉट हवा असल्यास भांडी बाजारातल्या जुन्या दुकानांत चौकशी करावी. कार्यालयांना भांडी पुरवणाऱ्यांकडेही कधीकधी एखादा पॉट पडून असतो.

आता दुधाकडे वळू. चार लिटरच्या पॉटसाठी दोन लिटर म्हशीचे, साय न काढलेले दूध घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात ते मंद आचेवर सतत ढवळत दीड लिटरपर्यंत आटवावे. त्याहून जास्त आटवू नये, नाहीतर बासुंदीची चव येते. ती चांगली असली, तरी या आइस्क्रीमची नव्हे. वाटीभर थंड दूध आधीच बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर कालवावे आणि दूध आटत आल्यावर ते धार धरून सोडावे. पाच मिनिटे उकळल्यावर पाऊणशे ग्रॅम कमी साडेतीनशे, म्हणजे २७५ ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालावे. गॅस बंद करून मिश्रण गाळावे आणि पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे. निवल्यावर पाव किलो ताजी साय फेटून, किंवा बाजारातले फ्रेश क्रीम, मिसळावे. एवढ्या प्रमाणात स्निग्धांश साधारण नऊ-दहा टक्क्यांवर येतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही आइस्क्रीम म्हणवून घ्यायला दुधाचा किमान दहा टक्के स्निग्धांश लागतो, तेव्हा घरचे मिश्रण त्या रेषेच्या जवळपास आहे. वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिणे बंधनकारक आहे. दुकानातून डबा विकत घेताना तो शब्द पाहण्याची सवय लावून घेतली, तर पुष्कळ निराशा टळते.

साखरेचे प्रमाण मनाने कमी करू नये. साखर गोडीसाठी असतेच, पण ती मिश्रणाचा गोठणबिंदूही खाली नेते. त्यामुळे मिश्रणातले सगळे पाणी एकदम दगडासारखे गोठत नाही. साखर कमी पडली, की आइस्क्रीम खरखरीत आणि कडक होते. फार झाली, तर हात दुखेपर्यंत फिरवूनही ते धरत नाही.

अनेक घरांत ऐंशीच्या दशकात जीएमएस आणि सीएमसी नावाच्या पुड्या आणून, मिश्रण फ्रीजरमध्ये अर्धवट गोठवून, ते फेटून पुन्हा गोठवण्याची पद्धत रुजली. जीएमएस स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवते आणि सीएमसी मिश्रणाला दाटपणा देते. फ्रीजरमधल्या आइस्क्रीमला या पुड्या लागतात, कारण तिथे सतत खरवडणारा पंखा नसतो. पॉटला त्यांची गरज नाही. व्हॅनिला इसेन्स हवा असल्यास मिश्रण पूर्ण गार झाल्यावर एक चहाचा चमचा घालावा, गरम दुधात तो उडून जातो. झाकण लावून मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, ठेवावे. या वेळात स्निग्धांश घट्ट होतो आणि मिश्रण दाट होते. कोमट मिश्रण पॉटमध्ये ओतणे म्हणजे निम्मा बर्फ दूध गार करण्यात घालवणे.

बर्फ आणि मीठ

दोन लिटर मिश्रणासाठी १० ते १२ किलो बर्फ आणि अडीच-तीन किलो खडेमीठ लागेल. फ्रीजच्या ट्रेमधले बर्फाचे तुकडे इतक्या प्रमाणात कधीच पुरत नाहीत, तेव्हा लादीच आणावी. ती कुठे मिळेल, हे आपल्या भागातल्या रसवंतीवाल्याला विचारावे. त्याच्याकडे ती रोज येते आणि आगाऊ सांगितल्यास तो बहुधा एक तुकडा जास्त मागवतो. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देणे बंधनकारक आहे. असा निळा बर्फ बादलीत चालतो, कारण तो आइस्क्रीमला लागत नाही. मात्र त्यातला तुकडाही सरबतात किंवा गोळ्यासाठी वापरू नये, हे घरातल्या लहान मुलांना आधीच बजावून ठेवावे, कारण बर्फ फोडला जात असताना तोंडात खडा टाकल्याशिवाय एकही मूल राहत नाही.

लादी गोणपाटात गुंडाळून लाकडी दांडक्याने फोडावी. तुकडे सुपारीएवढे किंवा थोडे मोठे हवेत. फार बारीक चुरा चटकन वितळतो आणि मोठे ढेकळे डब्याला नीट टेकत नाहीत. मीठही खड्यांचेच घ्यावे. बारीक आयोडिनयुक्त मीठ एका जागी गोळा होते आणि झरझर विरघळून बादलीच्या तळाशी जाते.

मिठाचे काम असे चालते. शुद्ध बर्फ वितळताना शून्य अंशावर थांबतो, पण दुधा-साखरेचे मिश्रण शून्याखाली दोन-तीन अंश गेल्यावरच गोठायला लागते. म्हणजे नुसत्या बर्फाने दूध गार होईल, आइस्क्रीम होणार नाही. मीठ पडले, की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने, म्हणजे डब्यातून, ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती सगळी आपल्या दुधातून जावी, अशी योजना करायची असते. मीठ आणि पाणी यांच्या मिश्रणाचे तापमान जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या बादलीत उणे १० ते १५ अंश मिळाले, तरी काम उत्तम होते. त्यासाठी वजनाने चार भाग बर्फाला एक भाग मीठ हे प्रमाण धरावे. मीठ त्याहून वाढवल्यास डब्याच्या भिंतीवरचा थर इतक्या लवकर कडक होतो, की पंखा अडकतो आणि आतले मिश्रण पातळच राहते.

भरणे आणि फिरवणे

थंड केलेल्या डब्यात पंखा बसवून मिश्रण ओतावे. डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण हवा मिसळल्यावर मिश्रण फुगते. झाकण लावून वरची पट्टी अडकवावी आणि रिकाम्या बादलीतच दांडा एकदा फिरवून पाहावा. तळाशी तीन-चार बोटे बर्फ घालून त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ असे थर डब्याच्या झाकणाखाली दोन बोटांपर्यंत भरावेत. वरच्या थरांत मीठ थोडे जास्त असावे, कारण ते वितळून खालीच जाणार असते. शेवटी भांडेभर थंड पाणी ओतावे, म्हणजे तुकड्यांमधल्या पोकळ्या भरून थंडी डब्याला सगळीकडून लागते. मीठ घातलेल्या बर्फात उघडा हात घालू नये. साध्या बर्फापेक्षा तो कितीतरी अधिक थंड असतो आणि त्वचा सुन्न होऊन भाजल्यासारखी दुखते. लाकडी उलथणे वापरावे.

पहिली पाच-सात मिनिटे दांडा सावकाश फिरवावा. या काळात मिश्रण नुसते गार होत असते. ते अजून पातळ असताना जोरात घुसळले, तर साय लोण्यासारखी वर येते आणि आइस्क्रीमला ओशट कण लागतात. दांडा किंचित जड लागू लागला, की वेग वाढवावा आणि मग शक्यतो थांबू नये. थांबल्यास भिंतीवर धरलेला थर कडक होतो आणि पुन्हा सुरुवात करताना चक्रांचे दात मोडण्याची भीती असते. माणसे बदलायची ती चालत्या दांड्यावर. लहानांचा नंबर आधी लावावा, मोठ्यांचा शेवटी, कारण शेवटची दहा मिनिटे ताकदीची असतात. त्या वेळी बादली जागची हलू लागते, म्हणून वर गोणपाटाची घडी ठेवून एखाद्याला तिच्यावर बसवण्याची पद्धत होती आणि घरातला सर्वांत वजनदार चुलतभाऊ त्या मानाच्या जागेवर आपोआप निवडला जाई.

दर सात-आठ मिनिटांनी बर्फ खाली बसलेला दिसेल. तेवढा बर्फ आणि मीठ वरून घालावे. कडेच्या भोकातून खारे पाणी वाहत आहे ना, हे सतत पाहावे. ते तुंबले, की पाणी झाकणापर्यंत चढते, आत शिरते आणि दोन लिटर दुधाची माती होते. मात्र सगळे पाणी काढून टाकायचीही घाई करू नये. थंडी डब्यापर्यंत नेण्याचे काम तेच करत असते.

साधारण वीस ते तीस मिनिटांत दांडा अगदी जड होतो. तेव्हा थांबावे. डबा उघडण्याआधी झाकण आणि त्याच्याभोवतीचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर कडेला चिकटलेला मिठाचा एखादा खडा पहिल्याच चमच्याबरोबर आत पडतो. पंखा वर काढताना त्याच्या पात्यांना आइस्क्रीमचा जाड थर लगडून येतो. मऊ, फिकट पिवळसर, कडेला किंचित ओलसर चकाकणारा. तो ताटात निथळू न देता लगेच वाटावा. ज्या चवीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती या पहिल्या दहा मिनिटांत असते. वाट्या मात्र आधीच गार करून ठेवाव्यात, कारण एप्रिलमध्ये चाळिशीकडे झुकलेल्या दुपारी स्टीलच्या गरम वाटीत आइस्क्रीमचे पाहता पाहता दूध होते.

ज्यांना थोडे घट्ट हवे असेल त्यांनी पंखा काढून, झाकणाच्या भोकात बूच बसवून, डबा पुन्हा बर्फ-मिठात पुरावा आणि वरून ओल्या गोणपाटाने झाकून तासभर सावलीत ठेवावा. नाशिकच्या कोरड्या हवेत ओले गोणपाट खरोखरच उपयोगी पडते, कारण पाणी भराभर उडते आणि उडताना थंडावा देते. मुंबईच्या दमट हवेत याचा फायदा फारसा होत नाही.

फळे केव्हा आणि कशी

फळाच्या गरात पाणी आणि आंबटपणा दोन्ही असतात. म्हणून तो गार करून, मिश्रण अर्धे गोठल्यावर घालावा. तोवर मिश्रण दाट झालेले असते, त्यामुळे दूध फाटत नाही.

आंब्याच्या मोसमात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास, दोन वाट्या हापूसचा किंवा केसरचा रस न शिजवता घालावा आणि साखर पन्नास-साठ ग्रॅम कमी करावी. सीताफळाचा गरही कच्चाच घालावा. तो शिजवला, की कडवटपणा येतो.

द्राक्षांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून द्राक्षांचे आइस्क्रीम बेचव होते, असे म्हणण्याची वेळ अनेकांवर येते. अख्खी किंवा चिरलेली ताजी द्राक्षे आइस्क्रीममध्ये घालू नयेत. त्यांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ती गोठून गारेसारखी दाताखाली येतात. त्याऐवजी एक किलो काळी द्राक्षे धुऊन, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, पुन्हा स्वच्छ धुऊन घ्यावीत. दोन चमचे पाण्यासह ती मंद आचेवर ठेवून साली फुटू द्याव्यात, चाळणीतून गाळावीत आणि रस दीड-पावणेदोन वाट्या उरेपर्यंत आटवावा. सालीतला रंग आणि तुरट वास यातच उतरतो. हिरवी द्राक्षे गोड असली, तरी आटवल्यावर त्यांचा रंग मळकट होतो, म्हणून काळीच बरी. किलोभर पिकलेल्या द्राक्षांतून दीडशे ग्रॅमहून अधिक साखर येते, तेव्हा दुधातली साखर १५० ग्रॅमवर आणावी. द्राक्षांतली साखर उसाच्या साखरेपेक्षा गोठणबिंदू अधिक खाली नेते, म्हणून हे आइस्क्रीम धरायला पाच-सात मिनिटे जास्त घेते. धीर सोडून मीठ वाढवू नये. बेदाणे घालायचे असतील, तर त्यांना याच गरम रसात तासभर भिजवावे, म्हणजे गोठल्यावरही ते मऊ राहतात.

पॉट नसेल तर, आणि मटक्यातली कुल्फी

झाकणाचा उंच स्टीलचा डबा मोठ्या पातेल्यात बर्फ-मिठाच्या थरांत रोवावा. डब्याचे कान किंवा काठ धरून तो उलटसुलट फिरवत राहावे, दर चार-पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडावे आणि कडेचा थर लाकडी उलथण्याने सोडवून मध्ये आणावा. लिटरभर मिश्रणाला पाऊण तास लागतो आणि पोत थोडा जाडसर येतो. लहान मुलांसाठी हीच पद्धत मला अधिक आवडते, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले, की दूध कसे धरत चालले आहे, ते त्यांना डोळ्यांनी दिसते.

कुल्फीचा मार्ग याच्या उलट आहे. तिथे दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचे आणि गोठताना अजिबात घुसळायचे नाही, त्यामुळे हवा शिरत नाही आणि कुल्फी घट्ट, जड लागते. दोन लिटर दूध आटवून पाऊण लिटर करावे, दीडशे ग्रॅम साखर, वेलदोडा आणि केशर घालून साच्यांत भरावे. साच्यांची झाकणे मळलेल्या कणकेने लिंपावीत, मटक्यात बर्फ-मिठाच्या थरांत साचे उभे रोवावेत आणि मटका अधूनमधून हलवावा. दोन-अडीच तासांत कुल्फी होते. साचा तळहातांत चोळला, की ती सुटते.

शेवटचे काम

उरलेले खारे पाणी कुंड्यांत किंवा झाडांच्या बुडाशी ओतू नये, झाडे जळतात. ते भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडावे. बादली, डबा, पंखा आणि चक्रे साध्या पाण्याने दोनदा धुवावीत, कारण मिठाचा अंश राहिला, तर आठवडाभरात लोखंडाला गंज धरतो. पंख्याच्या सांध्यांत दूध अडकते, तिथे गरम पाणी आणि जुना ब्रश वापरावा. बादली उन्हात न ठेवता सावलीत पालथी घालून सुकवावी आणि चक्रांना तेलाचा हात लावून पॉट कोरड्या जागी ठेवावा.